नामफलकाच्या धंद्यात नवख्याने संगणकाचा कोणता प्रोग्रॅम घ्यावा?



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की घरोघरी खर्चाच्या गोष्टी निघतात. कुणाला विहिरीवर नवी मोटर बसवायची असते, कुणाला ठिबक करायचे असते, कुणाच्या घरी लग्न असते. अलीकडे त्यात आणखी एक मागणी येऊ लागली आहे. ऐरोली-घणसोलीकडे राहणारा मुलगा, पुतण्या किंवा भाचा फोन करतो आणि म्हणतो, "आबा, बोर्ड आणि स्टिकर करायचा धंदा टाकतोय. मशीनला अन् सॉफ्टवेअरला जरा पैसे लागतील."

मशीन डोळ्यांना दिसते, हात लावून पाहता येते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्यावर दहा हजार जावेत, पन्नास हजार जावेत की एक रुपयाही जाऊ नये, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मग पोरगे म्हणेल ते खरे, नाहीतर दुकानदार म्हणेल ते खरे, अशी गत होते. वर्षभर पाणी पाजून, तोडणीवाल्याची वाट पाहून आलेला हा पैसा आहे. तो देण्यापूर्वी हे साधन काय असते, त्यात काय पाहावे आणि सुरुवात कशाने करावी, एवढे बाप-लेकांनी मिळून समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

ऐरोलीत या धंद्याला वाव आहे काय?

सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे हमाली-माथाडी कामानिमित्त मुंबईस गेली. कै. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला व या कष्टकऱ्यांस संरक्षण मिळाले. पुढे घाऊक बाजार वाशीला हलला, तशी ही मंडळी नवी मुंबईत स्थिरावली. आज तिकडे आपल्या भागाची माणसे गल्लोगल्ली भेटतात.

नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली, आणि १९९२ पासून तेथे महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. ऐरोली ही त्या शहराच्या उत्तरेकडची वसाहत. एका अंगाला ठाण्याची खाडी आणि मुलुंडला जोडणारा १९९९ सालचा पूल. दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसीचे कारखाने आणि संगणक कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती. २००४ पासून ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर वस्ती आणखी वाढली. सेक्टरासेक्टरांत इमारतींच्या तळमजल्यावर दुकाने आहेत. प्रत्येक दुकानाला पाटी लागते, प्रत्येक सोसायटीला नावांचा फलक लागतो, आणि कारखान्यांना 'बाहेर जाण्याचा मार्ग', 'धोका', 'हेल्मेट वापरा' अशा सूचना लागतात. तेव्हा काम आहे. मात्र स्पर्धाही आहे, हेही लक्षात ठेवावे.

त्यात एक महत्त्वाची गोष्ट कायद्याने घडली आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये मार्च २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने सुटत असत. ती पळवाट बंद झाली. आता लहानमोठ्या सर्व दुकानांची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी. दुसऱ्या भाषेत नाव लिहिण्यास हरकत नाही, पण मराठी आधी यावे आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान असू नये. व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांस पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हापासून या धंद्यात ज्याला मराठी अक्षर नीट उमटवता येते, त्याच्याकडे काम येते. आमच्या मते सॉफ्टवेअर निवडण्याची खरी किल्ली येथेच आहे.

ठिपक्यांचे चित्र आणि रेघांचे चित्र

संगणकावर चित्र दोन तऱ्हांनी साठवले जाते. हा भेद कळला की निम्मे काम झाले.

पहिली तऱ्हा ठिपक्यांची. मोबाइलने काढलेला फोटो म्हणजे हजारो-लाखो रंगीत ठिपके शेजारी शेजारी मांडलेले असतात. चित्र मोठे केले की ठिपके मोठे होतात आणि कडा फाटक्या दिसू लागतात. हिशेबच पाहू. दुकानाची पाटी दहा फूट लांब, म्हणजे १२० इंच. फ्लेक्स छापताना इंचाला साधारण ७२ ठिपके धरले तर लांबीत ८,६४० ठिपके हवेत. दुकानदार व्हॉट्सॲपवरून जे चित्र पाठवतो, त्यात समजा लांबीला १,६०० ठिपके आहेत. ते १२० इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम तेरा पडतात. पाटीवर अक्षराऐवजी पायऱ्या दिसतात. गिऱ्हाईक म्हणते, "मोबाइलमध्ये तर चांगलं दिसत होतं!" तेही खोटे बोलत नसते.

दुसरी तऱ्हा रेघांची. हिला या धंद्यात व्हेक्टर म्हणतात. आपल्या गटाचा मोजणीचा नकाशा आठवा. त्यात शेताचा फोटो नसतो. बांधाचे कोपरे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा असतात. तोच नकाशा छोट्या कागदावर काढा नाहीतर भिंतीएवढा काढा, बांध आहे तिथेच राहतो आणि रेघ स्वच्छ राहते. व्हेक्टर चित्राचे तसेच आहे. अक्षराच्या कडेवर काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वळणदार रेघा, एवढेच संगणक लक्षात ठेवतो. तेच अक्षर स्टिकरवर अर्ध्या इंचाचे आणि इमारतीवर तीन फुटांचे तितकेच रेखीव येते.

पाटीच्या धंद्यात व्हेक्टरवाचून गत्यंतर नाही. कारण विनाइल कापणारे यंत्र, ज्याला कटिंग प्लॉटर म्हणतात, ते छपाई करीतच नाही. त्यात शाईच्या जागी बारीक सुरी असते आणि ती रेघेवरून फिरते. रेघच नसेल तर सुरी फिरणार कशावरून? ॲक्रिलिकची अक्षरे कापणारे लेसर यंत्र आणि एसीपी शीट कोरणारे राउटर यंत्र यांनाही रेघच लागते. म्हणून फोटो सुधारण्याचे फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर कितीही नावाजलेले असले, तरी पाटीवाल्याचे ते पहिले साधन नव्हे.

एक प्रोग्रॅम की तीन?

दुकानदार "सॉफ्टवेअर" असा एकच शब्द वापरतो, पण त्यात तीन वेगळी कामे दडलेली असतात.

पहिले काम आखणीचे. मजकूर मांडणे, अक्षर निवडणे, चिन्ह काढणे, फूट-इंचांत माप देणे. यासाठी व्हेक्टर आखणीचा प्रोग्रॅम हवा.

दुसरे काम आखणी यंत्राकडे नेण्याचे. सुरीचा वेग किती, दाब किती, कोणते अक्षर आधी कापायचे हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम बहुधा कटिंग यंत्राबरोबरच मिळतो. रोलँड, ग्राफटेक या जपानी कंपन्या आपल्या यंत्रांसाठी असे प्रोग्रॅम देतात, आणि ते नेहमीच्या आखणीच्या प्रोग्रॅमला जोडताही येतात. स्वस्तातल्या यंत्राबरोबरही काहीतरी येतेच. मात्र ते कोणत्या प्रकारची फाइल घेते, हे यंत्र घेण्याआधी विचारून घ्यावे.

तिसरे काम मोठ्या छपाई यंत्राचे. फ्लेक्स छापणारे यंत्र निळी, गुलाबी, पिवळी, काळी अशा चार शायांचे थेंब टाकते. कोणता थेंब कुठे टाकायचा, याचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमला रिप म्हणतात. नवख्याने या तिसऱ्याच्या वाटेला जाऊच नये. ज्यांच्याकडे छपाईचे मोठे यंत्र आहे, त्यांच्याकडून चौरस फुटाच्या दराने जॉबवर्कवर छापून घ्यावे. ट्रॅक्टर भाड्याने मिळत असताना दोन एकरांसाठी कुणी नवा ट्रॅक्टर घेत नाही, तसेच हे.

म्हणजे नवख्याला पैसे मोजून विचार करायचा तो फक्त पहिल्या कामाचा.

मराठी अक्षर : येथेच घोडे पेंड खाते

बाजारातील बहुतेक प्रोग्रॅम परदेशात, रोमन अक्षरांसाठी तयार झाले. त्यावर मराठी लिहावयास गेले की तीन ठिकाणी अडचण येते. प्रोग्रॅम निवडताना या तिन्ही ठिकाणी तो तपासावा.

पहिली अडचण जोडाक्षरांची. 'किराणा' शब्दातली वेलांटी बोलताना 'क'नंतर येते, पण लिहिताना आधी दिसते. हे ज्या प्रोग्रॅमला कळत नाही, तो वेलांटी भलत्याच जागी टाकतो. त्याहून अवघड आपला 'शेतकऱ्यांचा' हा शब्द. त्यातला 'ऱ्य' हा मराठीचा खास आहे, हिंदीत तो नाही. अनेक पाट्यांवर 'शेतकर्यांचा' असे छापलेले आपण पाहतो. 'र्य' हा 'सूर्य'मधला. तो 'शेतकऱ्यां'त शिरला की शब्द बिघडतो. शिवाय मराठीतील 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवून दिलेली आहे. टंक निवडताना ही वळणे पाहावीत.

दुसरी अडचण टंकाच्या जातीची. पूर्वी डीटीपीसाठी जे मराठी फाँट निघाले, त्यांनी मोठी सेवा केली. पुण्याची मॉड्युलर इन्फोटेक आणि तिची श्री-लिपी, तसेच पुण्याचीच सी-डॅक संस्था, यांच्यामुळे मराठी छपाई संगणकावर आली. पण त्या जुन्या पद्धतीत संगणक आतल्या आत रोमन अक्षरच साठवत असे आणि वर मराठी रूप दाखवत असे. तोच फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल तर फाइल उघडताच मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. पोराने ऐरोलीत पाटी आखली आणि छापायला तालुक्याच्या गावी पाठवली, तर हमखास घोटाळा होतो. युनिकोड ही नवी पद्धत आहे. तीत मराठी अक्षर हे मराठी म्हणूनच साठवले जाते. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला 'मंगल' हा युनिकोड टंक विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. आज 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचे 'मुक्ता', 'बालू' असे उत्तम टंक फुकट मिळतात आणि ते धंद्यात वापरण्याची रीतसर मोकळीक आहे. मुंबई लोकलच्या स्थानकांवरील हातरंगाच्या पाट्यांवरून सुचलेला 'यात्रा वन' हा टंकही असाच मोफत आहे. तेव्हा नवख्याने सुरुवातच युनिकोडने करावी.

तिसरी अडचण शिरोरेघेची. ही तर पाटीवाल्यालाच छळते, छापखान्याला नाही. इंग्रजी अक्षरे सुटी असतात. मराठी शब्दावर सलग रेघ असते. पण संगणकाच्या टंकात ती सलग नसते. प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येते आणि तो शेजारच्या तुकड्यावर थोडा चढतो. पडद्यावर आणि कागदावर एक रेघ दिसते. सुरीला मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते, आणि ती प्रत्येक सांध्यावर विनाइल चिरते. पाटीवर चिकटवताना तुकडे सुटतात, आणि चिकटलेच तर ऊन-पावसात त्या चिरांतून कडा उचलू लागतात.

यावर उपाय आहे. मजकूर पक्का झाला की अक्षरांचे रेघांत रूपांतर करावे आणि मग सर्व तुकडे एकजीव करावेत. कोरल ड्रॉमध्ये या क्रियांना 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' आणि 'वेल्ड' म्हणतात, इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' आणि 'युनियन', तर इलस्ट्रेटरमध्ये 'क्रिएट आउटलाइन्स' आणि 'युनाइट'. एकदा असे केले की शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. म्हणून मूळ मजकुराची फाइल वेगळी जपून ठेवावी. अनुस्वाराचे टिंबही विसरू नये. शिरोरेघेपासून सुटे असलेले हे टिंब, नको असलेले विनाइल सोलताना बरोबर निघून जाते, आणि 'मंदिर'चे 'मदिर' होते. लहान अक्षरांत टिंब थोडे मोठे करून ठेवलेले बरे.

बाजारातील तीन नावे

कोरल ड्रॉ. कॅनडातील कोरल कंपनीने हा प्रोग्रॅम १९८९ साली प्रथम आणला. आपल्याकडील फ्लेक्सवाले, रेडियमवाले आणि छापखानेवाले यांच्यात याचाच बोलबाला आहे. शिकवणारे सहज भेटतात, आणि जॉबवर्कवाला बहुधा याचीच फाइल मागतो, हे दोन मोठे फायदे. पाटी पूर्ण मापात, फुटांत आखता येते. उणे बाजू अशी की अस्सल प्रत विकत घ्यावी लागते आणि ती नवख्याला महाग वाटते. शिवाय बऱ्याच दुकानांत ज्या जुन्या आवृत्त्या चालू आहेत, त्यांत युनिकोड मराठी नीट बसत नाही. म्हणून "कोरल आहे" एवढ्यावर न थांबता "कोणत्या सालचे?" हे विचारावे.

अडोबी इलस्ट्रेटर. हा १९८७ सालापासूनचा आणि ताकदीचा प्रोग्रॅम. जाहिरात संस्था व मोठ्या कंपन्या याची फाइल देतात. ऐरोलीतील संगणक कंपन्यांचे काम मिळवायचे असेल तर कधीतरी याची गाठ पडते. मराठीसाठी भारतीय लिपींची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. हे ठाऊक नसले तर माणूस प्रोग्रॅमलाच दोष देतो. जुन्या आवृत्त्यांत आखणीची जागा जास्तीत जास्त २२७ इंच, म्हणजे एकोणीस फुटांहून थोडी कमी असे. लांब बोर्ड दहाव्या हिश्श्याच्या मापात आखावा लागे. २०१३ पासून अडोबीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे बंद करून भाडेपद्धत आणली. महिन्याचे किंवा वर्षाचे भाडे थांबले की प्रोग्रॅमही थांबतो. उत्पन्न बेताचे आहे तोवर असे कायमचे भाडे मागे लावून घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

इंकस्केप. हा २००३ साली सुरू झालेला प्रोग्रॅम जगभरातील जाणकारांनी मिळून, एका अर्थाने सहकारानेच, उभा केला आहे. तो फुकट आहे आणि धंद्यात वापरण्यासही पूर्ण मोकळीक आहे. युनिकोड मराठी यात चांगली बसते. साध्या संगणकावर चालतो. कटिंग यंत्राला समजणाऱ्या आज्ञांच्या भाषेतही फाइल काढून देतो. उणे बाजूही सांगितली पाहिजे. छपाईच्या चार शायांच्या रंगांची बाजू यात कच्ची आहे, म्हणून फ्लेक्सचे रंग छपाईवाल्याकडून नमुना काढून पाहावे लागतात. कोरलची फाइल उघडते, पण काही वेळा मांडणी हलते. आणि गल्लीतल्या क्लासमध्ये हा शिकवणारा सहसा मिळत नाही. व्हिडिओ पाहून, हाताने करून शिकावे लागते.

आमचे मत विचाराल तर, नवख्याने इंकस्केप आणि यंत्राबरोबर आलेला कापणीचा प्रोग्रॅम या जोडीवर सुरुवात करावी. जॉबवर्कवाल्याला मजकुराचे रेघांत रूपांतर करून पीडीएफ फाइल द्यावी. म्हणजे त्याच्याकडे फाँट असो-नसो, पाटी जशीच्या तशी उघडते. हात बसला, महिन्याला ठराविक काम येऊ लागले आणि गिऱ्हाइके कोरलचीच फाइल मागू लागली, की त्या कमाईतून अस्सल कोरल घ्यावे. अक्षराची जाण, मापाची शिस्त आणि रेघा एकजीव करण्याची सवय एकदा लागली की ती कोणत्याही प्रोग्रॅममध्ये कामी येते.

फुकटची चोरीची प्रत घेऊ नये

आता एक कडू गोष्ट. अनेक ठिकाणी "सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणत दोनचारशे रुपयांत महागडे प्रोग्रॅम भरून दिले जातात. ती चोरीची प्रत असते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ बी प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड विकणाऱ्यापुरता नाही, वापरणाऱ्यालाही आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर संगणकात व्हायरस शिरला तर गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली एका रात्रीत जातात. बेणे स्वस्त मिळाले म्हणून रोगट आणले तर पुढे खोडव्यापर्यंत भोगावे लागते, हे आपल्याला कुणी सांगावयास नको. फुकट आणि अस्सल असा प्रोग्रॅम हाताशी असताना चोरीचा घेण्याचे कारणच उरत नाही.

पैसा घालण्यापूर्वी एक दिवसाची परीक्षा

प्रोग्रॅम आणि यंत्र दोन्ही पाहावयास जाताना पोराने पुढील गोष्टी स्वतःच्या हाताने करून पाहाव्यात. विक्रेत्याने करून दाखवलेले धरू नये.

१. 'शेतकऱ्यांचा', 'किराणा', 'ज्ञानेश्वर', 'ट्रॅक्टर', 'श्रीकृष्ण' हे पाच शब्द 'मुक्ता' किंवा दुसऱ्या युनिकोड टंकात लिहावेत. एकही अक्षर तुटता कामा नये.

२. दहा फूट बाय तीन फूट मापाची पाटी पूर्ण मापात किंवा ठरलेल्या प्रमाणात आखून पाहावी.

३. वर मराठी नाव आणि खाली इंग्रजी नाव मांडावे. मराठीत मात्रा-वेलांटी वर आणि उकार खाली जात असल्याने, एकूण उंची सारखी धरली तरी अक्षराचे अंग लहान दिसते. म्हणून शिरोरेघेपासून तळापर्यंतची मराठी उंची इंग्रजी मोठ्या अक्षराइतकी तरी ठेवावी. कायद्याबाबत शंका घ्यायला जागा राहत नाही आणि लांबून वाचताही येते.

४. शब्दाचे तुकडे एकजीव करून ते विनाइलवर खरोखर कापून पाहावेत. शिरोरेघ सलग निघाली पाहिजे, टिंब जागेवर राहिले पाहिजे.

५. पीडीएफ करून ती दुसऱ्या संगणकावर आणि मोबाइलवर उघडून पाहावी.

या पाचांत प्रोग्रॅम उतरला तर तो नवख्याला पुरे. उतरला नाही, तर त्याची किंमत किंवा कीर्ती कितीही असो, तो आपल्या कामाचा नाही.

पैशाची तरतूद

विकास सोसायटीचे पीककर्ज पिकासाठी असते. ते उचलून शहरातील धंद्यात घालू नये. पाटीचे काम उधारीवर चालते, गिऱ्हाईक आज-उद्या करते, आणि इकडे कर्जफेडीची तारीख थांबत नाही. लहान धंद्यासाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तीत शिशू गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. बँकेत जाऊन त्याची चौकशी पोराने स्वतः करावी. घरचा पैसा द्यायचाच तर तो संगणक, दोन फुटी कटिंग यंत्र आणि पहिल्या मालासाठी द्यावा. सॉफ्टवेअरच्या नावावर पहिल्या वर्षी मोठी रक्कम मागितली जात असेल, तर "का?" असे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

सुरुवातीला कोणती कामे घ्यावीत, हेही बोलून ठेवावे. दुकानाच्या काचेवरील अक्षरे, सोसायटीचे नावांचे फलक, कारखान्यातील सूचना, वाहनांवरील रेडियम, ही कामे एका माणसाला झेपतात. गावाकडेही काम आहे. हंगामात रात्री धावणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे चकाकणारी पट्टी आणि ठळक अक्षरे असणे हा जिवाचा प्रश्न आहे. सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था यांचे फलक तर ठिकठिकाणी लागतात. आखणी ऐरोलीत आणि कापणी तालुक्याला, असेही करता येते.

दोन कामांपासून मात्र दूर राहावे. वाहनांच्या नंबर प्लेटी करून देऊ नयेत. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उत्पादकाकडूनच उच्च सुरक्षा प्लेट येते आणि ती पुरवण्याचा अधिकार ठराविक कंपन्यांनाच आहे. दुसरे, उंच लोखंडी सांगाड्यावरील जाहिरातीचे होर्डिंग. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १२० फूट बाय १२० फुटांचे होर्डिंग वादळात पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे दगावली. असे काम अभियंत्याच्या हिशेबाशिवाय आणि महापालिकेच्या परवान्याशिवाय कुणीही करू नये. नवख्याने तर नाहीच नाही. संगणकावर साठ फुटांचा बोर्ड आखता येतो म्हणून तो वाऱ्यात उभा राहीलच असे नाही.

तात्पर्य

धंदा नवा असो की शेतीतला, पैसा घालण्याआधी जमीन पाहावी लागते. भारी जमिनीचे वाण मुरमाड रानात लावले तर दोष वाणाचा नसतो. पाटीवाल्याची जमीन म्हणजे मराठी अक्षर आणि हाती असलेले यंत्र. या दोन्हींशी ज्या प्रोग्रॅमचे जमते, तो चांगला. मग तो फुकटचा का असेना. पुढच्या वेळी पोराचा फोन आला म्हणजे सभासदांनी एवढेच विचारावे : "बाळा, तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये 'शेतकऱ्यांचा' हा शब्द लिहून, कापून मला फोटो पाठव." तो शब्द सलग, शुद्ध आणि न चिरता आला, तर हप्त्यातले पैसे द्यावयास हरकत नाही.

जय सहकार!